पौरुषग्रंथीचा साक्षीदार

वृद्धापकाळाच्या ज्या तक्रारींविषयीं आमच्या घरांतून मोकळेपणानें बोललें जातें त्यांत गुडघेदुखी आहे, मोतीबिंदु आहे, दमा आहे. परंतु आजोबा रात्रींतून चार वेळां कां उठतात हा प्रश्न साऱ्या घराला पडलेला असूनहि तो कोणी तोंडावाटे काढीत नाहीं. ज्या अवयवाचें नांव घेतांना शिष्टाचार आड येतो त्याचें दुखणें वैद्यालाहि उशिरां कळतें, आणि त्या उशिराची किंमत रोग्यालाच मोजावी लागते.

या मौनांत अलीकडे एक फट पडली आहे. आरोग्यतपासणीच्या कागदावर, पन्नाशी उलटलेल्या पुरुषाच्या नांवाखालीं, साखर व चरबी यांच्या ओळी संपल्यावर पुष्कळदां ‘पीएसए’ अशीं अक्षरें येतात व त्यांपुढें एक आंकडा असतो. घरांतील शिकलेली सून अथवा मुलगा तो आंकडा वाचतो, शेजारीं छापलेली मर्यादा वाचतो, आणि आंकडा मर्यादेच्या आंत दिसला कीं कागद कपाटांत जातो. तो आंकडा एका विकराचा आहे. तें विकर पुरुषाच्या एका लहानशा ग्रंथींत तयार होतें. आणि कांहीं औषधें त्याचें प्रमाण रोगाला हात न लावतांहि बदलूं शकतात. या तीन गोष्टी बहुतेकांस ठाऊक नसतात. त्या मनुष्यमात्राला कशा कळल्या, आणि कळतांना कोणत्या चुका झाल्या, याचा इतिहास शंभर वर्षांच्या आंतला आहे. तो वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम विकर म्हणजे काय तें पाहूं. शरीरांतील असंख्य रासायनिक घडामोडी ज्या द्रव्यांच्या साहाय्यानें शीघ्र घडून येतात त्यांस एन्झाइम अथवा विकर म्हणतात. विरजणाचा एक चमचा पातेलेंभर दुधाला पुरतो, त्याप्रमाणें विकरहि अल्प पुरतें. भेद इतकाच कीं, विरजणांत जिवंत जंतु असतात आणि विकर हें निर्जीव प्रथिन असतें. ‘विकार’ या शब्दाशीं त्याचें ध्वनिसाम्य आहे, अर्थसाम्य मुळींच नाहीं.

मूत्राशयाच्या मुखाशीं मूत्रमार्गाला वेढून अक्रोडाएवढी एक ग्रंथि असते. तिला डॉक्टर प्रोस्टेट म्हणतात, आपल्याकडे पौरुषग्रंथि हा शब्द रूढ आहे. वीर्यांतील द्रवाचा कांहीं भाग ती पुरविते. उतारवयांत ती बहुधा वाढते व मूत्रमार्गाला आवळते; आजोबांच्या रात्रीच्या फेऱ्यांचें हें एक नेहमींचें कारण. ही वाढ निरुपद्रवी असते. परंतु कांहींजणांच्या बाबतींत त्याच ग्रंथींत कर्करोग उद्भवतो, आणि तो पसरूं लागला म्हणजे कंबरेच्या व पाठीच्या हाडांत घर करतो.

या ग्रंथीचा वृषणांशीं कांहीं गूढ संबंध आहे हें मनुष्याला फार पूर्वींपासून दिसत होतें. अठराव्या शतकांतील प्रसिद्ध स्कॉटिश शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनीं, खच्ची केलेल्या जनावरांत ही ग्रंथि लहान व निस्तेज राहते, असें नमूद करून ठेवलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाचे जे. विल्यम व्हाइट यांनीं या निरीक्षणाचा आधार घेऊन, ग्रंथि वाढलेल्या वृद्धांवर वृषणच्छेद करावा असें सुचविलें. कांहींना गुणहि आला. परंतु गुण कां आला, कोणास येईल व कोणास येणार नाहीं, हें सांगण्याचें साधन तेव्हां नव्हतें. ग्रंथि शरीराच्या आंत दडलेली. तिच्यांत काय चाललें आहे याची वार्ता बाहेर आणणारा कोणी साक्षीदार हवा होता.

तो साक्षीदार १९३५ सालीं जर्मनींत सांपडला. कुचर व वोल्बर्ग्स या दोघां संशोधकांस पौरुषग्रंथींत एका विकराचा विलक्षण मोठा सांठा आढळला. त्याचें नांव ॲसिड फॉस्फटेज. फॉस्फरसयुक्त द्रव्यांतून फॉस्फेट सोडवून घेणें हें त्याचें काम, आणि तें काम आम्ल द्रवांत उत्तम होतें म्हणून हें नांव. पुढें न्यायवैद्यकांत वस्त्रावरील डाग वीर्याचा आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं याच विकराची परीक्षा होऊं लागली. तेव्हां त्याला साक्षीदार म्हणण्यांत आम्हीं अलंकार वापरला आहे असें नाहीं.

तीन वर्षांनीं, १९३८ मध्यें, न्यूयॉर्क येथील अलेक्झांडर गटमन व एथेल बेनेडिक्ट गटमन या पतिपत्नींनीं पुढचें पाऊल टाकलें. ज्यांचा पौरुषग्रंथीचा कर्करोग हाडांत पसरला आहे अशा अनेकांच्या रक्तांत हें विकर वाढलेलें असतें, असें त्यांनीं दाखविलें. मोजण्याची रीति अशी: रोग्याच्या रक्ताचा निवळ भाग आम्ल द्रवांत घ्यावयाचा, त्यांत फेनाइल फॉस्फेट नांवाचें द्रव्य मिसळावयाचें आणि मिश्रण शरीराच्या उष्णतेवर कांहीं वेळ ठेवावयाचें. विकर जितकें कार्यक्षम तितकें फेनॉल मोकळें होतें. त्याला रंग आणून त्या रंगाच्या गडदपणावरून आंकडा काढावयाचा. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. या परीक्षेंत मोजलें जातें तें विकराचें काम. रोग प्रत्यक्ष मोजला जात नाहीं. या भेदाचें महत्त्व कळावयास पुढें तीस वर्षें लागलीं.

आतां शिकागो विद्यापीठाकडे वळूं. तेथें चार्ल्स हगिन्स नांवाचे शस्त्रवैद्य होते. जन्म १९०१ मध्यें कॅनडांतील हॅलिफॅक्स येथें, शिक्षण हार्वर्ड येथें. मूत्रमार्गाच्या रोगांचा विभाग त्यांच्याकडे आलेला. कुत्र्याच्या पौरुषग्रंथीचा स्राव मूत्रापासून वेगळा करून रोजच्या रोज गोळा करण्याची एक युक्ति त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३९ मध्यें प्रसिद्ध केली. या कामासाठीं कुत्रा निवडला गेला यांतहि एक दैवयोग होता. मनुष्याप्रमाणें म्हातारपणीं ज्याची ही ग्रंथि आपोआप वाढते असा परिचित प्राणी म्हणजे कुत्राच. प्रयोगांत मधूनच असा गांठीचा कुत्रा निघाला म्हणजे आरंभीं संशोधकांची चिडचिड होई. पुढें मात्र तसेच कुत्रे मुद्दाम शोधून आणले जाऊं लागले. कारण वृषण काढले कीं स्राव थांबे व गांठ आक्रसे. उलट पुरुष-संप्रेरक टोंचलें कीं स्राव पुन्हा वाहूं लागे. पौरुषग्रंथि स्वतःच्या हुकमानें चालत नाहीं, वृषणांतून येणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या हुकमानें चालते, हें या प्रयोगांनीं निर्विवाद ठरलें.

त्याच सुमारास एक औषधहि हातीं आलें होतें. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांतील चार्ल्स डॉड्स व ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या सहकाऱ्यांनीं १९३८ मध्यें स्टिलबेस्ट्रॉल हें कृत्रिम स्त्री-संप्रेरक सिद्ध केलें. तें स्वस्त होतें, तोंडानें घेतां येत होतें, आणि त्याचा एकाधिकार कोणी घेतलेला नव्हता. पुरुषाला तें दिलें असतां मेंदूच्या तळाशीं असलेली पीयूष ग्रंथि वृषणांकडे जाणारी आज्ञा आवरून धरते. वृषणें टेस्टोस्टेरॉन करीनाशीं होतात. आणि मग पौरुषग्रंथीच्या पेशी निस्तेज होऊन विकर करणेंहि सोडतात. म्हणजे औषध विकराला स्पर्श करीत नाहीं. विकर घडविणाऱ्या कारखान्याचा हुकूमच मध्यें अडवितें.

१९४१ मध्यें हगिन्स व त्यांचे तरुण सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनीं हे सारे धागे एकत्र विणले. हाडांत कर्करोग पसरलेल्या रोग्यांवर त्यांनीं वृषणच्छेद केला, कांहींना स्त्री-संप्रेरक दिलें, आणि दर खेपेला रक्तांतील ॲसिड फॉस्फटेज मोजलें. दोन्ही उपायांनीं आंकडा झपाट्यानें खालीं आला; पुरुष-संप्रेरक टोंचतांच वर चढला. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका निबंधांत वृषणच्छेद केलेल्या २१ रोग्यांची हकीगत आहे. बहुतेकांच्या वेदना कमी झाल्या, भूक लागूं लागली, वजन वाढलें. जे अंथरुणाला खिळले होते त्यांतले कांहीं हिंडूंफिरूं लागले. पसरलेला कर्करोग हा स्वैर, कोणाचेंच न ऐकणारा, असा समज तोंवर दृढ होता. हा एक कर्करोग तरी शरीराच्या संप्रेरकांचें ऐकतो, आणि औषधानें त्याला मागें रेटतां येतें, हें प्रथमच आंकड्यानिशीं सिद्ध झालें. या कार्याबद्दल हगिन्स यांना १९६६ चें नोबेल पारितोषिक पेटन राउस यांच्यासमवेत मिळालें.

येथवरची कथा विजयाची आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं ती येथेंच संपविली जाते. परंतु आमच्या मतें शिकण्याजोगा भाग येथून पुढें आहे.

पहिली गोष्ट अशी कीं रोग परत येई. कोणास वर्षानें, कोणास दोन वर्षांनीं, कोणास बऱ्याच अवधीनें. पुष्कळांच्या रक्तांत विकराचा आंकडा तेव्हां पुन्हा चढे. परंतु कांहींच्या बाबतींत दुखणें बळावत असतांहि आंकडा शांतच राही. याचें कारण पुढें उमगलें. कर्करोगाच्या पेशी जसजशा मूळ ग्रंथीशीं असलेलें साम्य सोडतात, तसतसा त्या ग्रंथीचा मूळ व्यवसायहि, म्हणजे हें विकर करणें, त्या टाकून देतात. साक्षीदार गप्प बसला म्हणजे गुन्हा थांबला असें होत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. स्टिलबेस्ट्रॉलची गोळी जवळजवळ वीस वर्षें मुक्तपणें दिली जात होती. आंकडा उतरे, वेदना उतरत. मग मात्रा थोडी जास्त असली तर बिघडलें काय, असा विचार. अमेरिकेंतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांनीं १९६० पासून एक मोठी संयुक्त चिकित्सा चालविली. तींत कोणत्या रोग्यास कोणता उपचार द्यावयाचा हें चिठ्ठी टाकल्याप्रमाणें दैवावर सोपविलें होतें, म्हणजे वैद्याच्या आवडीनिवडीला वाव उरूं नये. तिचे निष्कर्ष १९६७ मध्यें प्रसिद्ध झाले. रोज ५ मिलिग्रॅम स्टिलबेस्ट्रॉल घेणाऱ्यांत कर्करोगानें मरणारे कमी होते, हें खरें. परंतु हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या रोगानें मरणारे त्यांत अधिक होते. गोळाबेरीज केली असतां औषधानें आयुष्य वाढल्याचें दिसेना. पुढच्या चिकित्सेंत रोज १ मिलिग्रॅमची मात्रा कर्करोगाला आवरण्यास तितकीच समर्थ आढळली. वीस वर्षांत किती वृद्धांना गरजेहून पांचपट मात्रा मिळाली असेल याचा विचार मनाला अस्वस्थ करतो. त्यांच्या कागदावरील विकराचा आंकडा मात्र उत्तम असेल. तो खोटें बोलत नव्हता. त्याला जें विचारलें होतें तेवढेंच तो सांगत होता. हृदयाचें काय चाललें आहे हें त्याला विचारलेंच नव्हतें.

आतांपर्यंत विकर हा साक्षीदार होता. पुढें एक विकर स्वतःच औषधाचें लक्ष्य झालें. १९६८ मध्यें अमेरिकेंतील डॅलस येथें ब्रुकोव्स्की व विल्सन यांनीं दाखविलें कीं, टेस्टोस्टेरॉन पौरुषग्रंथींत शिरल्यावर तेथील एक विकर त्याचें रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रबळ संप्रेरकांत करतें. या विकराचें नांव ५-आल्फा-रिडक्टेज. तें नसलें तर काय होईल? उत्तर निसर्गानेंच लिहून ठेवलें होतें. कॅरिबियन समुद्रांतील डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या एका खेड्यांत कांहीं मुलें जन्मतः मुली समजून वाढविलीं जात आणि वयांत येतांच त्यांच्यांत पुरुषलक्षणें प्रकट होत. ज्युलियान इंपेराटो-मॅक्गिन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७४ मध्यें दाखविलें कीं या कुटुंबांत तें विकर आनुवंशिक दोषामुळें उणें आहे. प्रौढपणीं या पुरुषांची पौरुषग्रंथि लहानच राहते व त्यांना टक्कलहि पडत नाहीं, हेंहि दिसून आलें.

मर्क कंपनीच्या संशोधकांनीं यावरून धडा घेतला आणि त्या विकराचे हात बांधणारें फिनास्टेराइड हें औषध घडविलें. अमेरिकेंत त्याला १९९२ मध्यें वाढलेल्या पौरुषग्रंथीसाठीं व १९९७ मध्यें, १ मिलिग्रॅमच्या मात्रेंत, टकलासाठीं मान्यता मिळाली. स्टिलबेस्ट्रॉल आणि फिनास्टेराइड यांतील अंतर येथें स्पष्ट होतें. पहिलें औषध वरून येणारा हुकूम तोडतें. दुसरें हुकूम येऊं देतें, पण त्याची अंमलबजावणी करणाऱ्या विकराला जागीं अडवितें. म्हणून दुसऱ्याचे उपद्रव पुष्कळ मर्यादित आहेत; तथापि कामेच्छा मंदावणें, वीर्याचें प्रमाण घटणें अशा तक्रारी कांहीं पुरुषांत आढळतातच.

याच सुमारास ॲसिड फॉस्फटेजची जागा नव्या साक्षीदारानें घेतली. तोच आमच्या घरांतल्या कागदावरचा पीएसए. तेंहि एक विकरच आहे. वीर्य बाहेर पडल्यावर थोडा वेळ घट्ट होतें व मग पातळ होतें. तें पातळ करण्याचें, म्हणजे त्यांतील प्रथिनांचे धागे तोडण्याचें काम हें विकर करतें. त्याची खरी जागा वीर्यांत. रक्तांत तें झिरपतें तें अत्यल्प. ग्रंथि वाढली, सुजली अथवा तींत कर्करोग झाला म्हणजे हें झिरपणें वाढतें. अमेरिकेंत १९८६ मध्यें रोग्यांवर लक्ष ठेवण्यासाठीं, व १९९४ मध्यें रोग ओळखण्यास साहाय्य म्हणून, त्याच्या परीक्षेला मान्यता मिळाली.

हें विकर तयार करण्याचा हुकूमहि पुरुष-संप्रेरकाचाच असतो. त्यामुळें फिनास्टेराइड घेणाऱ्याच्या रक्तांतील पीएसए सहा महिने ते वर्षभरांत सुमारें निम्म्यावर येतें. याचा अर्थ घरगुती हिशेबानें समजावून घेऊं. समजा, एका गृहस्थाचा आंकडा ६ होता. औषध सुरू झाल्यावर वर्षानें तो ३ आला. कागदावर मर्यादा ४ छापलेली आहे. घरचे म्हणतील, बरें झालें, आंत आला. वस्तुतः त्या ३ चा अर्थ ६ असाच घ्यावयास हवा. आणि पुढच्या वर्षीं तो ३.८ झाला, तर तोहि मर्यादेच्या आंतच दिसेल, परंतु औषध चालू असतांना आंकडा वर चढला ही गोष्ट वैद्याच्या कानावर तांतडीनें घालण्यासारखी आहे. केस गळूं नयेत म्हणून घेतलेली लहान गोळीहि हेंच करते. ती घेतों हें सांगण्याची पुष्कळ पुरुषांना लाज वाटते, आणि मग तपासणारा डॉक्टर निम्मा आंकडा पुरा समजून वाचतो. आरंभीं ज्या मौनाचा उल्लेख केला तें येथें असें अंगाशीं येतें.

औषध कर्करोग टाळतें काय, याचाहि शोध झाला. १९९३ मध्यें सुरू झालेल्या एका चिकित्सेंत ५५ वर्षें व त्यांवरील १८,८८२ पुरुष सामील झाले. २००३ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सात वर्षांत, ज्यांची पुरी तपासणी झाली त्यांपैकीं, नुसती गोळी घेणाऱ्यांत शेंकडा २४.४ व फिनास्टेराइड घेणाऱ्यांत शेंकडा १८.४ जणांस कर्करोग आढळला. परंतु उग्र स्वरूपाचे कर्करोग औषध घेणाऱ्यांत किंचित् अधिक दिसले, शेंकडा ५.१ ऐवजीं ६.४. औषधानें उग्रता वाढली कीं लहान झालेल्या ग्रंथींत ती सुलभतेनें सांपडली, यावर बराच वाद झाला. २०१३ मध्यें दीर्घ कालानंतरचा हिशेब आला तेव्हां दोन्ही गटांच्या आयुर्मर्यादेंत फरक नव्हता. पुन्हा तोच धडा: आढळणें एक, जगणें एक.

पीएसए परीक्षेच्या अतिरेकानेंहि हेंच शिकविलें. कधींच त्रास न देणारे मंद कर्करोग शोधून काढून त्यांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांपायीं कित्येकांच्या वांट्यास मूत्राचा व कामजीवनाचा कायमचा अधूपणा आला. अमेरिकेंतील तज्ज्ञ मंडळानें २०१२ मध्यें सरसकट परीक्षा करूं नये असें म्हटलें. २०१८ मध्यें मत सौम्य करून ५५ ते ६९ वयाच्या पुरुषानें डॉक्टरांशीं लाभहानीचा विचार करून स्वतः ठरवावें असा सल्ला दिला.

इतिहासाचा एक धागा उरला तो येथें पुरा करूं. रोग परत कां येतो याचें उत्तर शोधण्यासाठीं हगिन्स यांनीं १९४५ मध्यें मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथि काढून पाहिल्या. पुरुष-संप्रेरक तेथूनहि येत असावें असा त्यांचा तर्क होता. कॉर्टिसोन उपलब्ध नसलेल्या त्या काळीं रोगी तें सोसूं शकले नाहींत व प्रयत्न फसला. तर्क मात्र बरोबर होता. लंडनमध्यें शोधलेलें व २०११ मध्यें अमेरिकेंत मान्यता मिळालेलें ॲबिराटेरोन हें औषध, वृषण, अधिवृक्क ग्रंथि व खुद्द कर्करोगाची गांठ या तिन्ही ठिकाणीं संप्रेरक घडविणाऱ्या एका विकराला रोखतें. परत आलेल्या रोगांतहि त्यानें आयुष्य वाढतें हें सिद्ध झालें. तें सिद्ध झालें तें आंकडा उतरला म्हणून नव्हे; घेणारे अधिक काळ जगले म्हणून. निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांनीं शिकविलेला धडा वैद्यकानें येथें नीट पाठ केलेला दिसतो.

न्यायालयांत साक्षीदाराला मान असतो, परंतु निकाल तो देत नाहीं. त्याची साक्ष कोणत्या परिस्थितींत झाली, त्यावर कोणाचा दाब होता, त्याला काय विचारलें व काय विचारलें नाहीं, हें पाहूनच न्यायाधीश निर्णय करतो. रक्तांतील विकराचा आंकडा घरांत आला म्हणजे आपणहि एवढेंच करावयाचें आहे: वडील कोणतीं औषधें घेतात हें त्यांना प्रेमानें विचारावयाचें, तें सारें, टकलाच्या गोळीसह, डॉक्टरांस सांगावयाचें, आणि मागचे कागद बरोबर न्यावयाचे. यासाठीं रसायनशास्त्र शिकावें लागत नाहीं. बापलेकांना एकमेकांशीं ज्या विषयावर बोलणें अवघड वाटतें, त्यावर एकदां बोलावें लागतें.